टिंबापुढची अक्षरं

३ जून

उजवं बटण दाबलं. यादी आली. ‘नवीन’ या शब्दावर गेले, तिथून शेजारी दुसरी यादी बाहेर पडली. तिच्यातल्या ‘फोल्डर’कडे निघाले, तर वाटेत माउस जरा खाली घसरला आणि दुसरी यादी मिटली. परत वर. परत बाहेर पडली. परत मिटली. अकराव्यांदा जमलं. फोल्डर आला आणि नाव मागू लागला. नाव काय द्यावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात कुठंतरी बोट लागलं आणि त्यानं आपणच आपलं नाव ‘नवीन फोल्डर’ ठेवून घेतलं.

विहीणबाई, तुम्ही म्हणालात, फोनवर शिकवणार नाही, फोनवर माणूस नुसतं ‘हो हो’ म्हणतं. जे जे केलं ते क्रमानं कागदावर लिहून पाठवा. त्याप्रमाणे लिहिलं आहे. अर्धा तास, एक फोल्डर.

सव्वीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये फाइली लावते आहे. कुठला पेशंट कुठल्या रॅकवर आहे ते दिवे गेले तरी सांगेन. आता सगळे कागद स्कॅन होताहेत. स्कॅनिंगची माणसं रोज एक रॅक रिकामा करतात आणि आम्हाला ‘थँक्यू’ म्हणतात. जुलैअखेर खोली बंद. त्यानंतर ज्याला राहायचं आहे त्याला हॉस्पिटलच्या वेबसाइटच्या विभागात घेणार, पण त्याआधी सहा महिन्यांचा वेबसाइट बनवण्याचा कोर्स करायचा. आणि त्या कोर्सच्या आधी एक परीक्षा, कंप्युटरचं प्राथमिक येतं की नाही याची. १४ जुलैला. पास झाले तर नोकरी राहील. नापास झाले तर ३१ जुलैला घरी. मी बावन्न वर्षांची आहे. मला घरी बसायचं नाही.

परीक्षेचा कागद सोबत जोडला आहे. सहावा मुद्दा ‘फाइलचा प्रकार ओळखणे व बदलणे’ हा मला कळला नाही. तो काय आहे?

मुलांना यातलं काही बोलू नका. तुमच्या लेकीला सांगितलंत की ते माझ्या मुलाला कळणार, आणि तो हसणार. मायक्रोवेव्ह आणला तेव्हा त्यानं त्याच्यावर माझ्यासाठी चिकटपट्टी लावून ‘हे बटण’ असं लिहून ठेवलं होतं.

तुमची विहीण

*

७ जून

विहीणबाई,

अकरा वेळा लागल्या म्हणून हिरमुसू नका. एकतीस वर्षं मी हेच शिकवते आहे, आधी टाइपरायटर, मग हे. माझ्या वर्गात एक निवृत्त बँक मॅनेजर होते. ते माउस टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचे आणि हात वर करून म्हणायचे, “बाई, रस्ता संपला.” उचलून परत मध्ये ठेवा, हे त्यांना चार दिवस पटलं नाही. आज ते नातेवाइकांना लग्नाच्या वाढदिवसाची कार्डं करून पाठवतात आणि नातेवाईक मला शिव्या देतात.

यादी मिटते, कारण तुम्ही तिरक्या जाता. आधी सरळ आडव्या जा, मग खाली. दोन टिचक्या द्यायच्या तेव्हा लागोपाठ द्या, दारावर देतो तशा. मध्ये विचार करायचा नाही. नाव बदलायचं असेल तर फोल्डरवर एकदा टिचकी, मग वरच्या ओळीतली एफ-दोन कळ.

या आठवड्यात: ‘सराव’ नावाचा फोल्डर, त्यात सात फाइली, प्रत्येकीत दोन-दोन ओळी. मग त्यांच्या कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये करायच्या. कंट्रोल धरून सी, तिकडे जाऊन कंट्रोल धरून व्ही. कॉपी न करता हलवायचं असेल तर सीच्या जागी एक्स.

सहावा मुद्दा सध्या सोडा. आधी फोल्डर.

मुलांना काही सांगत नाही. आणि मायक्रोवेव्हचं म्हणाल तर माझ्या लेकीनं माझ्या फोनमध्ये स्वतःचं नाव ‘अ अ मुलगी’ असं टाकलंय, मला सापडावं म्हणून. मी दिवसाला अकरा जणांना कंप्युटर शिकवते.

तुमची विहीण

*

१२ जून

विहीणबाई,

आडवं जाणं जमलं. सात फाइली झाल्या. त्यांना ००१ ते ००७ असे नंबर दिले.

कॉपी मात्र करणार नाही. एकदा करून पाहिली. तिकडे तीच फाइल, इकडे तीच फाइल, दोन्हींवर नाव एक, तारीख एक. मूळ कुठली आणि प्रत कुठली हे बघून सांगता येत नाही. आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वी एका बाईच्या दोन फाइली झाल्या होत्या. एका फाइलीत लाल शाईनं लिहिलं होतं की हिला अमुक इंजेक्शन चालत नाही. वॉर्डात गेली ती दुसरी फाइल. बाई वाचली, पण तीन दिवस कुणाला घास गोड लागला नाही. तेव्हापासून शिक्का नसलेली प्रत मी रॅकवर लावत नाही. प्रतीवर ‘ही प्रत आहे’ असा शिक्का कुठून मारायचा ते कळवा, मग कॉपी करीन.

तोवर मी एक्सनं हलवते आहे, आतापर्यंत सगळ्या तीनदा. रेकॉर्ड रूममध्ये फाइल बाहेर गेली की तिच्या जागी आम्ही निळी चिठ्ठी ठेवतो: अमुक नंबरची फाइल अमुक तारखेला अमुक ठिकाणी गेली. तेच इथं करते आहे. प्रत्येक हलवण्यामागे एक छोटी फाइल तयार करते, ‘येथील ००३ दिनांक १० रोजी दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली, परत आलेली नाही.’ जेवणाच्या सुट्टीत एवढंच होतं. जेवण राहतं.

रोज एक रॅक जातो आहे. आता बत्तीस उरलेत.

सहाव्या मुद्द्याचं राहिलं.

तुमची विहीण

*

१६ जून

विहीणबाई,

तुमच्या पत्रावरून मी हिशेब मांडला. सात फाइली तीन वेळा हलवल्यात म्हणजे तुमच्या कंप्युटरवर आता फाइली सात आणि चिठ्ठ्या एकवीस. परीक्षक तुमचा फोल्डर उघडेल आणि त्याला वाटेल हरवल्याच्या नोंदींची वही उघडलीय.

चिठ्ठ्या बंद. कंप्युटर विसरत नाही, त्याला चिठ्ठी लागत नाही. फाइल शोधायची तर शोधाच्या चौकोनात नाव टाका. शिक्का कुठंही नाही. प्रत करायचीच, आणि तिच्या नावात ‘प्रत’ हा शब्द टाइप करायचा. तोच शिक्का समजा. तुमच्या त्या बाईचं मी दोनदा वाचलं, पण परीक्षेत ‘कॉपी करा’ असं लिहिलेलं असणार, आणि ‘मला कॉपी पटत नाही’ या उत्तराला गुण नसतात.

आता ई-मेल. कोर्सचा अर्ज प्रशिक्षण केंद्राच्या वेबसाइटवरून डाउनलोड करा, भरा, जतन करा, आणि अटॅच करून ३० जूनच्या आत पाठवा. अटॅच म्हणजे ती कागदाच्या टाचणीची खूण. आधी सराव म्हणून मला पाठवा. नको असलेल्या फाइली कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या आणि डबा रिकामा करायचा, ही सवयही लावून घ्या.

जेवत जा. उपाशी माणसाची टिचकी चुकते.

तुमची विहीण

*

२२ जून

विहीणबाई,

काय झालं ते क्रमानं लिहिते. मध्येच हसू नका.

अर्ज डाउनलोड केला. भरला. टाचणी दाबून तुम्हाला पाठवला. ‘पाठवले’ असं आलं. मग फोल्डरमध्ये जाऊन बघितलं तर अर्ज तिथंच. म्हणजे गेला नव्हता. पुन्हा पाठवला. पुन्हा ‘पाठवले’, पुन्हा तिथंच. मी कागद पाकिटात घालते, पाकीट पेटीत टाकते, तेव्हा माझ्या हातात कागद उरत नाही. एवढं तरी जगात खरं असेल असं मला वाटत होतं. सतरा वेळा पाठवला. मग जेवणाची सुट्टी संपली.

दुसऱ्या दिवशी शोधाच्या चौकोनात ‘अर्ज’ टाइप केलं, तुम्ही म्हणालात म्हणून. अर्ज तीन ठिकाणी निघाला. डाउनलोडमध्ये एक, सरावाच्या फोल्डरमध्ये एक, आणि पडद्यावर समोर एक. एका अर्जाच्या तीन फाइली, एकीच्याही नावात ‘प्रत’ नाही. तेव्हा मी नियमानं गेले. जी समोर, हाताशी, ती मूळ धरली. उरलेल्या दोन नष्ट केल्या. नष्ट करण्याची वही घातली: नंबर, तारीख, कारण, सही. साक्षीदाराची सही लागते म्हणून सफाईच्या मावशींना बोलावलं. त्यांनी विचारलं, “बाई, कुठं आहेत फाइली?” मी पडद्याकडे बोट केलं. त्यांनी चष्मा पुसून सही केली. मग डबा रिकामा केला.

आता समोरची फाइल उघडत नाही. तिच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण आहे. तो आधीपासून होता. मला वाटलं, नक्षी आहे.

ही मशीन कुणी बनवली, आणि त्यांनी आयुष्यात कधी एक फाइल तरी लावली होती का?

तुमचं उत्तरही आलेलं नाही. अर्ज मिळाला की नाही?

तुमची विहीण

*

२५ जून

विहीणबाई,

मिळाला. सतरा वेळा. प्रत्येक वेळी फोन ‘टिंग’ वाजला आणि वर्गातल्या अकरा जणांनी प्रत्येक वेळी वळून पाहिलं. मी त्याच दिवशी ई-मेलनं उत्तर दिलं होतं. तुम्ही ते बघितलं नाहीत आणि ‘उत्तर का नाही’ असं पोस्टानं विचारलंत. ई-मेल आलेली बघायला ई-मेल उघडावी लागते. तुमच्या दाराशी पोस्टमन ओरडणार नाही.

बाणाचं ऐका. बाण असलेली फाइल ही फाइल नव्हेच. ती वाट दाखवणारी पाटी आहे. म्हणजे तुमचीच निळी चिठ्ठी. कंप्युटरनं आयुष्यात एकदा तुमच्या पद्धतीनं काम केलं, आणि तुम्ही चिठ्ठी ठेवून दोन्ही फाइली नष्ट केल्यात. साक्षीदारासह.

अर्ज माझ्याकडे सतरा आहेत. एक परत पाठवला आहे. ई-मेल उघडा, अर्ज उतरवून घ्या, केंद्राला एकदा पाठवा, आणि उठून खोलीबाहेर जा. परत येऊन बघू नका.

सहाव्या मुद्द्याचं तिसऱ्यांदा विचारू नका. वेळ आली की सांगीन. टाइपिंगचा सराव वाढवा, रोज एक पान.

तुमची विहीण

*

१ जुलै

विहीणबाई,

अर्ज २९ तारखेला पोचला, पोच आली. तो एकदाच पाठवला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

रविवारी मुलाचा फोन आला. एरवी तो फोन करतो तेव्हा अर्धं लक्ष दुसरीकडे असतं. या वेळी अगदी गोड बोलत होता. म्हणाला, “आई, १७ तारखेला हिची रजा संपते. २० तारखेपासून तू ये. बाळाच्या खोलीतच तुझा पलंग लावलाय.” मी म्हटलं, माझी नोकरी आहे. म्हणाला, “सासूबाई म्हणाल्या ना, तुमची रेकॉर्ड रूम बंद होतेय, तू जुलैत मोकळी होणार. मे महिन्यात बाळाला बघायला आल्या तेव्हाच म्हणाल्या. आम्ही त्याच भरवशावर पाळणाघर बघितलं नाही.”

मे महिन्यात. म्हणजे मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधी.

बाळ चार महिन्यांचं आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे, हे लिहायची गरज नसावी. पण एकदा त्या पलंगावर निजले की बाळ शाळेत जाईपर्यंत मी तिथली. मला कुणी ‘येशील का’ असं विचारलं नाही. मी मोकळी आहे एवढंच ठरवलं गेलं, आणि ते तुम्ही ठरवलंत.

मग मी तुमची सगळी पत्रं काढून तारखेनं लावली. सहावा मुद्दा मी ३ जूनला विचारला. तुम्ही म्हणालात, सध्या सोडा. १२ जूनला विचारला, तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत. २५ जूनला म्हणालात, विचारू नका. आज मी प्रशिक्षण केंद्रात फोन करून विचारलं. तिथली बाई म्हणाली, “हे तर पहिल्या दिवशी शिकवतात.”

मी सव्वीस वर्षं कागद वाचते आहे. फाइलीत काय आहे त्यापेक्षा काय नाही ते आधी दिसतं. माझा अंदाज चुकला असेल तर तसं लिहा.

*

४ जुलै

विहीणबाई,

अंदाज चुकलेला नाही.

मे महिन्यात लेकीनं विचारलं, “आई, तू येशील का?” खोली बंद होणार एवढं तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं; मी म्हटलं, तुझ्या सासूबाई मोकळ्या होताहेत, त्या येतील. तोंडातून गेलं. खरं म्हणजे, जाऊ दिलं. मोठ्या नातवाच्या वेळी मी माझ्या मुलाकडे दोन वर्षं राहिले होते. जाताना वर्गात चाळीस विद्यार्थी होते. परतले तेव्हा सहा, आणि समोरच्या गल्लीत नवा वर्ग निघाला होता. चाळिसाचे अकरा आहेत आता, पण ते मी एकेक करून जमवलेत. पुन्हा कुलूप लावलं तर पुन्हा उघडायचं बळ नाही.

मग तुमचं पत्र आलं. नाही म्हणता येईना. वाटलं, आठ दिवसांत कंटाळतील. तुम्ही कंटाळला नाहीत. चिठ्ठ्या ठेवत बसलात, पण कंटाळला नाहीत. मी बाकी सगळं नीट शिकवलं. त्यात खोट काढाल तर भांडेन. सहावं मी पहिल्या आठवड्यात शिकवते. तुम्हाला चार आठवडे शिकवलं नाही. विसरले नव्हते. तेवढं एक राहिलं तर काय होईल ते होईल, असं म्हणत होते. काय होईल ते मला माहीत होतं.

आता वेळ थोडा आहे, म्हणून शिकवते आणि मग गप्प बसते.

प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी एक टिंब असतं आणि टिंबापुढं तीन-चार इंग्रजी अक्षरं. त्यावरून कंप्युटरला कळतं, ही कुणी उघडायची. txt म्हणजे साधा मजकूर. jpg म्हणजे फोटो. html म्हणजे वेबसाइटचं पान, ते ब्राउझरमध्ये उघडतं. ही अक्षरं तुमच्या कंप्युटरवर असतात, पण लपवलेली असतात. फोल्डर उघडा, वर ‘दृश्य’, त्यात ‘फाइल नावाचे विस्तार’, समोरच्या चौकोनात टिचकी. सगळी दिसायला लागतील. ही टिचकी न मारता तुम्ही नाव बदलून ‘पान.html’ केलंत तर ते आतल्या आत ‘पान.html.txt’ राहतं आणि पान म्हणून उघडत नाही. परीक्षेत पोरं इथंच पडतात.

नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहा. जतन करताना खालच्या यादीत ‘सर्व फाइली’ निवडा, नाव ‘पान.html’. दोन टिचक्या. ब्राउझरमध्ये उघडलं तर जमलं.

माफी मागते आहे. ती मागायला पानावर जागा उरवली नाही, हे मला दिसतंय.

तुमची विहीण

*

८ जुलै

टिचकी मारली. अक्षरं दिसली. चार आठवडे मी ज्यांना ००१, ००२ म्हणत होते त्या प्रत्येकीच्या मागे txt होतं. कुणाला तरी नावापुढचं आडनाव लपवून माझ्यासमोर उभं केलंय असं वाटलं.

पान पहिल्यांदा उघडलं नाही. दुसऱ्यांदा नाही. ‘सर्व फाइली’ निवडायचं राहत होतं. तिसऱ्यांदा ब्राउझर उघडला, पांढरं पान, वर डाव्या कोपऱ्यात माझ्या दोन ओळी. काही विशेष नाही. मी जेवले नाही, बघत बसले.

बाकी भांडण १४ तारखेनंतर. आता मला ते परवडत नाही.

एक काम सांगते. मुलांना तुम्ही जे सांगितलंत ते तुम्हीच परत घ्यायचं. आत्ता नाही. पास झाले तर बोला. नापास झाले तर बोलायचं कारणच उरणार नाही, मी जाईन आणि पलंगावर निजेन.

रॅक दहा.

*

१५ जुलै, ई-मेल

विहीणबाई,

हे एकदाच पाठवते आहे.

काल परीक्षा झाली. पंचवीस जण होते, माझ्याहून मोठं कुणी नाही. माझा माउस डावीकडे ठेवलेला होता, तो उजवीकडे घेण्यातच दोन मिनिटं गेली. कॉपी करा म्हणाले, केली. नावात ‘प्रत’ टाइप केलं. परीक्षक म्हणाला, “हे लिहायला सांगितलं नव्हतं.” मी म्हटलं, असू दे. त्यानं गुण कापले नाहीत. टाइपिंगमध्ये मात्र कापले. ते माझ्याच बोटांचं पाप. पासवर्ड दोनदा सारखाच टाइप करायचा होता, तो तिसऱ्या खेपेला सारखा आला. झिप फोल्डर उघडला. टॅब चार उघडले, तीन बंद केले, त्यांतला एक चुकून प्रश्नपत्रिकेचा होता. परत उघडून दिला त्यानं, पण उसासा टाकून.

सहाव्या मुद्द्याला आमच्या रांगेतल्या तिघांचं पान उघडलं नाही. माझं उघडलं.

संध्याकाळी निकाल भिंतीवर लावला. शंभरापैकी साठ लागत होते. मला त्रेसष्ट आहेत. सहाव्या मुद्द्याला पंधरा होते. वजाबाकी तुम्हीच करा.

वर्ग सोमवारी, २० तारखेला, सकाळी नऊला सुरू होतो. त्याच दिवशी तुमची लेक कामावर जाते.

*

१६ जुलै, ई-मेल

विहीणबाई,

वजाबाकी केली. अठ्ठेचाळीस. रात्रभर तो आकडा डोळ्यांपुढं होता.

आज दुपारी वर्ग सुटल्यावर लेकीला फोन केला. म्हटलं, तुझ्या सासूबाई मोकळ्या नाहीत. मे महिन्यात मी खोटं बोलले. ती म्हणाली, “आई, उद्या माझी रजा संपतेय. आता सांगतेस?”

“आता सांगते. आधी सांगायला हवं होतं.”

“मग तू ये.”

“मीही मोकळी नाही.”

“म्हणजे बाळाला बघणार कोण?”

मी म्हटलं, “बाळाला आज्या दोन आहेत तसा एक बापही आहे. त्याला विचारलंस?”

“त्याला मीटिंग असतात, आई.”

“मला वर्ग असतो. त्यांना सोमवारपासून वर्ग असणार.”

“सासूबाईंना? कसला वर्ग?”

तुम्ही सांगू नका म्हणाला होतात, पण तेव्हा इलाज नव्हता. सांगितलं. पाच आठवडे पत्रांतून शिकल्या, म्हटलं. तिनं ‘पत्रांतून?’ असं विचारलं. मग म्हणाली, “आणि आम्हाला दोघींनी काही कळू दिलं नाहीत.” फोन ठेवला. तेव्हापासून चार वेळा लावला. उचलत नाही.

तुम्हाला काय वाटतं ते विचारत नाही. मला वाटतं, माझं काम मी केलं, आणि ते उशिरा केलं.

तुमची विहीण

*

१९ जुलै, ई-मेल

विहीणबाई,

शुक्रवारी चिरंजीव स्वतः आले. दारातच बोलायला लागले, चपला काढायच्या आधी. “या वयात वेबसाइट?” मी म्हटलं, याच वयात, आधी वेळ नव्हता. “सासूबाईंनी तुला फितवलंय.” मी म्हटलं, उलट. हे त्याला कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. ते तुमच्या-माझ्यातलं आहे.

मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, “आई, माझी खरंच तारांबळ उडालीय.” तेवढं तो प्रथमच खरं बोलला. मी त्याला जेवायला वाढलं. जेवताना म्हणाला, तीन आठवड्यांची रजा टाकली. साहेब ‘कशाला?’ म्हणाले तेव्हा त्यानं ‘घरचं काम’ असं सांगितलं. मी म्हटलं, बाळ असं सांगायचं होतंस. तोवर पाळणाघर बघतील. तुमच्या लेकीच्या ऑफिसजवळ एक आहे, पण जागा ऑगस्टात होते. शनिवारी-रविवारी मी जाईन. तसं मी आपणहून सांगितलं. कुणी मागितलं नव्हतं, म्हणून सांगता आलं.

तुम्ही माझ्या पोराला रजेवर बसवलंत याचा मला राग येऊ नये, हे कळतं. येतो. बाळाचे लंगोट कुठं ठेवतात तेही त्याला माहीत नाही. काल तीनदा फोन केला, उद्यापासून काय काय लागेल ते विचारायला. प्रत्येक वेळी मी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर वाटलं, जाऊन करून यावं, लवकर होईल.

तुमची लेक तुमचा फोन उचलेल. ती रागावली आहे ती खोट्यावर, नकारावर नाही. मुलगा तसं म्हणाला. आठ दिवस द्या.

माफीचं. ती दिली असं मी लिहू शकत नाही, कारण अजून दिलेली नाही. त्या बाईच्या दोन फाइली झाल्या होत्या तेव्हा चूक माझ्या हाताखालच्या मुलीची होती. तिच्याशी मी वर्षभर कामापुरतं बोलले, मग एके दिवशी कळलं की राग कधीच गेलाय आणि मी नुसती सवयीनं तुटक बोलतेय. आपलं काय होईल माहीत नाही. शंका मात्र तुम्हालाच विचारणार. दुसरं कुणी मला ‘उपाशी माणसाची टिचकी चुकते’ असं सांगणार नाही.

रेकॉर्ड रूममध्ये आता एकच रॅक आहे. उद्या तो माझ्यामागे जाईल.

तुमची विहीण

*

२० जुलै, ई-मेल

सकाळी नऊ वाजता वर्ग सुरू झाला. मी दुसऱ्या रांगेत बसले. सव्वानऊला मुलाचा फोन आला. उचलला नाही. दहाला पुन्हा आला, तोही नाही. साडेअकराला सुट्टी झाली तेव्हा मी लावला. बाळ झोपलं होतं.